पॅनेल आलं तेव्हा लाइट तोडलेली होती: शिक्षण खात्याला झेडपीच्या एका शिक्षिकेचं खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, आणि मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंत शाळांचे निर्णय घेणारे सगळे साहेब आणि मॅडम यांना,

स.न.वि.वि.

मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, जिथून दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्याला जातं, तिथली दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट 27. नोकरीला 19 वर्षं झाली. नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. जिल्हा परिषद सेवा वर्तणूक नियम 1967 चे असले तरी नोटीस काढताना एकदम ताजे असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. पण नाव नाही म्हणून पत्र बाजूला टाकू नका. कुठल्याही केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे वाचून दाखवा, निम्मे लोक म्हणतील आमच्याच शाळेचं लिहिलंय.

निमित्त झालं ते तिसरीपासूनच्या एआयचं. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं की 2026-27 पासून तिसरी आणि पुढच्या वर्गांना एआय आणि कम्प्युटेशनल थिंकिंग शिकवणार. बातमी आमच्या केंद्राच्या ग्रुपवर आली, खाली सतरा अंगठे आणि चार टाळ्या. मी ती बातमी शाळेच्या ओट्यावर उभी राहून वाचली कारण रेंज फक्त ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात येते, आणि वर्गात लाइट नव्हती. गेली नव्हती, तोडली होती. थकबाकी.

आधी एक सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मी तंत्रज्ञानाच्या विरोधातली नाही. एमएस-सीआयटी केलंय (करावंच लागलं, नाहीतर वेतनवाढ अडली असती), पोरांसाठी व्हिडिओ स्वतः बनवलेत, आणि 2015 साली 22 जूनचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर आला आणि डिजिटल शाळांची लाट आली तेव्हा सगळ्यात आधी गावात वर्गणी मागत फिरणारी मीच होते. त्या वर्षी आमच्या गावानं प्रोजेक्टरसाठी लोकवर्गणी दिली ती कुणी दिली माहितीय? ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांनी, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून. कुणी दोनशे, कुणी पाचशे. उचल म्हणजे पुढच्या सहा महिन्यांच्या अंगमेहनतीचे पैसे, आधी खाल्लेले. त्या पैशातून त्यांनी शाळेला प्रोजेक्टर घेऊन दिला, नारळ फोडला, पेपरात फोटो आला. दोन वर्षांत प्रोजेक्टरचा दिवा गेला, नवीन दिव्याची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो, आणि तो प्रोजेक्टर अजून कपाटात तांदळाच्या मापाशेजारी पडलाय. दर वर्षी डेडस्टॉकच्या नोंदीत मी त्याच्यापुढं 'नादुरुस्त' लिहिते आणि दर वर्षी मला तेवढंच वाईट वाटतं.

त्यामुळे गेल्या साली मोठं स्मार्ट पॅनेल आलं तेव्हा मी हुरळले नाही. टेम्पो आला, दोन माणसांनी भिंतीला चार भोकं पाडून लावलं, पोचपावतीवर सही घेतली, फोटो काढला. मी म्हटलं चालू करून दाखवा. ते म्हणाले मॅडम लाइट कुठंय. शेजारच्या घरातून वायर ओढली, चालू केलं, अर्धा तास दाखवलं. पोरं खुळ्यासारखी बघत होती, मीपण. मग तीन महिन्यांनी गावातल्या पोरांनी थोडी वर्गणी केली, थकबाकीतली काही रक्कम भरली, लाइट जोडून मिळाली, पॅनेल लावलं तर पडद्यावर पाटी आली की कंटेंटचं लायसन्स संपलंय. पुरवठादाराचा नंबर लावला, लागत नाही. गटसाधन केंद्रात विचारलं तर म्हणाले पत्र द्या. पत्र दिलं. आता त्या पत्राचं स्मरणपत्र दिलंय.

पॅनेलला मी जुन्या चादरीचं कव्हर शिवलंय कारण पावसाळ्यात वरून ठिबकतं. कव्हर काढलं की काळ्या काचेवर धुळीचा पातळ थर असतो आणि पहिलीची पोरं त्यावर बोटानं अक्षरं गिरवतात. क, म, ल. एकानं परवा 'बाई' लिहिलं, ई दीर्घ, बरोबर. लाखाच्या घरातली धूळपाटी आहे ती सध्या, आणि खरं सांगू का, लिहायला मजा येते पोरांना.

आता लाइटबिलाचा हिशोब सांगते, कारण हा हिशोब वर कुणी करत नाही असं मला वाटायला लागलंय. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10 हजार. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. राहिले 9 हजार, म्हणजे महिन्याला साडेसातशे. त्यात खडू, रजिस्टर, झेरॉक्स, झाडू, नळाची तोटी, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, आणि लाइटबिल. पॅनेल बंद असलं तरी बिलात स्थिर आकार येतोच. आणि हे अनुदान वेळेवर आणि पूर्ण आलं तर, हे तर तुम्ही वाचतानाच मनात म्हटलं असेल. म्हणजे यंत्र द्यायचं योजनेतून आणि चालवायचं मास्तरच्या खिशातून, असा हा कारभार. वाळलेल्या विहिरीवर मोटार बसवून देणाऱ्या पाहुण्यासारखं झालंय.

नेटचं तर बोलायलाच नको. शाळेचं नेट म्हणजे माझा मोबाईल. रिचार्ज माझा, हॅंडसेट माझा, बॅटरी माझी.

आणि ह्या माझ्या मोबाईलवर काय चालतं? शिकवणं कमी, माहिती वर पाठवणं जास्त. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे त्यामुळे जरा लांबेल, वाचा. युडायस प्लस (शाळांच्या माहितीचं केंद्राचं पोर्टल) भरा. सरल (राज्याचं) भरा. विद्यार्थ्यांची हजेरी चॅटबॉटवर टाका. पोषण आहाराची रोजची संख्या अ‍ॅपवर टाका. चाचणीचे गुण पुन्हा चॅटबॉटवर. मुलांचे अपार आयडी (देशभराचा विद्यार्थी क्रमांक) काढा. अमुक दिवस साजरा केला त्याचे जिओ टॅग फोटो टाका, तमुक शपथ घेतली त्याची लिंक भरा, झाडं लावली त्यांचे फोटो, मागच्या वर्षी लावलेल्या झाडांचे फोटो. मेसेज येतो 'अतितातडीचे, आजच 3 वाजेपर्यंत, निरंक असल्यास निरंक कळवा'. मग निरंकची पण एक एक्सेल शीट. एकच माहिती, मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, आईचं नाव, मी वर्षातून किती वेळा भरते ते मोजणं मी सोडून दिलंय. सर्व्हर दिवसा चालत नाही म्हणून रात्री अकराला बसायचं, ओटीपी पालकाच्या मोबाईलवर जातो आणि पालक कर्नाटकातल्या कुठल्यातरी फडात ऊस तोडतोय, त्याला फोन करून म्हणायचं दादा आलेला नंबर सांगा, तो म्हणतो बाई आमच्या खात्यातलं काही जाणार नाही ना.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम लावायचं नाही. तुम्ही म्हणाल ही शैक्षणिकच माहिती आहे. असेल. पण वर्गात दोन इयत्ता समोर बसलेल्या असताना बाईचं डोकं मोबाईलमध्ये असेल तर पोरांच्या दृष्टीनं ते काय आहे? मागं एकदा तिसरीतला एक मुलगा वजाबाकी दाखवायला माझ्याजवळ तीनदा आला, मी तिन्ही वेळा थांब म्हटलं, फोटो अपलोड होत होता. चौथ्यांदा तो आला नाही. मला घरी गेल्यावर आठवलं.

आधारचं वेगळंच. आमच्या भागात अख्ख्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो, तुम्हाला माहिती असेलच, पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजीच तारीख टाकायचे. आता शाळेत एक तारीख, आधारवर दुसरी, जन्म दाखल्यावर नाव वेगळं, इंग्रजी स्पेलिंग तर देवाला माहीत. आधार जुळलं नाही की मूल वैध धरत नाहीत, वैध मुलांवर संचमान्यता (शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरवणं), संचमान्यतेवर शिक्षक. म्हणजे पोरगी रोज शाळेत येते, माझ्यासमोर बसते, खिचडी खाते, कविता म्हणते, पण कम्प्युटरच्या हिशोबात ती नाही आणि ती नसल्यामुळे उद्या माझ्या शाळेतला दुसरा शिक्षक पण नसेल. सुप्रीम कोर्टानं 2018 च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं म्हटलंय. प्रवेशाला नाही म्हणे, मोजायला मात्र पाहिजे. हे कोडं मला सुटलेलं नाही, सोडवून द्या.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात, कारण यात माझाही दोष आहे. लॉकडाऊनपासून ऑनलाइन प्रशिक्षणं सुरू झाली, व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा, सर्टिफिकेट डाउनलोड करा. माझ्याकडं अशी बरीच सर्टिफिकेटं आहेत. त्यातले बरेच व्हिडिओ मी आवाज बंद करून चालू ठेवले आणि भाजी निवडली. खोटं कशाला बोलू. समोर माणूस नसेल, विचारलेल्या शंकेला उत्तर मिळणार नसेल आणि वर फक्त किती टक्के पूर्ण झालं एवढंच बघत असतील तर माणूस भाजीच निवडणार. एआयचं प्रशिक्षण पण असंच होणार असेल तर आत्ताच सांगा, मी मेथी आणून ठेवते.

आता एआयवर. मला विषय वाईट वाटत नाही. कम्प्युटेशनल थिंकिंग म्हणजे पायरीपायरीनं विचार करणं, ते गोट्या आणि चिंचोक्यांनी पण शिकवता येतं, मी शिकवेन आनंदानं. पण सरकारचेच आकडे बघा. युडायस प्लस 2024-25 प्रमाणे देशातल्या 64.7 टक्के शाळांत कॉम्प्युटर आहे आणि 63.5 टक्के शाळांत इंटरनेट. म्हणजे जवळपास तीनातल्या एका शाळेत कॉम्प्युटरच नाही, आणि जिथं 'आहे' म्हटलंय तिथं माझ्यासारख्या किती जणींनी चादर पांघरून ठेवलेलं 'आहे' भरलंय ते वेगळं. त्याच अहवालात 1 लाख 4 हजारांवर शाळा एकशिक्षकी आहेत, त्यात 33 लाखांहून जास्त मुलं. प्रथम संस्थेच्या असर 2024 या ग्रामीण भागातल्या पाहणीत सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी 23.4 टक्के निघाली, देशभरची. ज्या तिसरीत तुम्हाला एआय आणायचंय तीच ही तिसरी. आणि असरमध्येच आहे, 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येतो, पण त्यातल्या 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला आणि 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. यंत्र वापरायला पोरं शिकतातच हो, त्याला शाळा लागत नाही. यंत्रासमोर बसून काय करायचं, कुठं थांबायचं, खरं काय खोटं काय, ह्याला माणूस लागतो.

देश घडवायचं, विकसित भारताचं बोलतात सगळे, 2047 चं. डॉ. विजय भटकरांनी पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत 1991 ला परम महासंगणक उभा केला, अमेरिका द्यायला तयार नव्हती म्हणून. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर मुंबईत गिरगावात वाढले, त्यांच्या भावे सरांनी पोरांना उन्हात नेलं आणि बहिर्गोल भिंगानं कागद पेटवून दाखवला, ही गोष्ट ते स्वतः किती वेळा सांगतात. मी ही गोष्ट वर्गात करून बघितलीय, भिंग जत्रेतलं. मला त्या गोष्टीत भिंगापेक्षा जास्त हेवा कशाचा वाटतो सांगू, भावे सरांना पोरांना घेऊन उन्हात जायला वेळ होता आणि त्याचा फोटो कुठं अपलोड करायचा नव्हता.

चालतं ते पण सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती रडते. दिवाळीनंतर माझ्या पटातली अकरा-बारा पोरं आईबापाबरोबर कारखान्याला जातात. काही हंगामी वसतिगृहात थांबतात, पण लहान भावंडं सांभाळायला मुलींना न्यायचंच असतं. शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवते, तिकडं जवळच्या शाळेत बसायचं असतं, कुणी बसतं, कुणी नाही. तीन वर्षांपूर्वी तिसरीतल्या एका मुलीला मी म्हटलं, आईच्या मोबाईलवरून मला रोज एक पान वाचून पाठव. साधा सहा-सात हजारांचा फोन, काच फुटलेली. रात्री नऊ-साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा आवाज यायचा. मागं ट्रॅक्टरचा आवाज, धाकटा भाऊ रडतोय, चूल फुंकल्याचा आवाज, आणि त्यात ही वाचतेय, 'प्र... प्रश्न'. 'विद्यार्थी'ला अडखळायची, विद्दार्थी म्हणायची. मी परत पाठवायचे, सावकाश म्हणून. मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, टोळी परत आली, तेव्हा ती वर्गातल्या गावात राहिलेल्या पोरांपेक्षा चांगलं वाचत होती. ह्याचा रिपोर्ट कुठल्या पोर्टलवर भरायला कॉलम नाही, आणि नकोच, कॉलम केला की उद्या त्याचं पण टार्गेट येईल.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोडची त्यांची कल्पना एका झेडपीच्या वर्गातून वर गेली, वरून खाली आली नव्हती. मधल्या काळात तुमच्यापैकी कुणी एखाद्या दोनशिक्षकी शाळेला विचारलंय का, तुम्हाला काय लागतं?

आणि पैसे नाहीत असं म्हणू नका, केरळकडं बघा. तिथं 2001 च्या सुमाराला आयटी अ‍ॅट स्कूल हा शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, आज त्याची काईट नावाची सरकारी कंपनी आहे. 45 हजार वर्ग हायटेक केले, सॉफ्टवेअर मोफत वापराचं, लिनक्सवरचं, त्यामुळे लायसन्स संपल्याची पाटी येत नाही. शाळेतले शिक्षकच मास्टर ट्रेनर केले, हायस्कूलच्या पोरांचे लिटल काईट्स क्लब काढले. आपल्याकडं आयसीटीच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, लॅब बूट तत्त्वावर (ठेकेदारानं उभारायचं, चालवायचं, मग शाळेला द्यायचं) ठेकेदाराकडं दिल्या, करार संपला की कॉम्प्युटर धूळ खात आणि कॉम्प्युटर शिकवणारी पोरं आझाद मैदानावर. केरळला समुद्र आहे म्हणून त्यांना जमलं असं काही नाही, आपल्यालाही समुद्र आहे.

मागण्या सरळ आहेत, मुद्द्याला धरून उत्तर द्या एवढीच अपेक्षा.

एक, शाळांचं लाइटबिल शाळेच्या अनुदानातून काढू नका, शासनानं थेट भरावं आणि शिकवणी सुरू असताना थकबाकीपायी शाळेची लाइट तोडायची नाही असा लेखी आदेश काढावा.

दोन, प्रत्येक केंद्राला एक दुरुस्ती करणारा माणूस द्या. पॅनेल नंतर द्या, माणूस आधी. खरेदीच्या करारात पाच वर्षांची दुरुस्ती आणि दुरुस्त नाही केलं तर दंड असं असल्याशिवाय एकही डबा शाळेत पाठवू नका.

तीन, मुलाची माहिती वर्षातून एकदा, एकाच ठिकाणी. दुसऱ्या पोर्टलला लागली तर त्यांनी तिथून घ्यावी, पोर्टल-पोर्टल आपसात बोलू शकत नसतील तर मग कसलं तंत्रज्ञान. शाळेच्या वेळेत तातडीची माहिती मागायची नाही आणि फोटो तर बंदच करा.

चार, आधार जुळत नाही म्हणून वर्गात हजर असलेलं मूल संचमान्यतेतून वगळू नका. खात्री करायचीय तर येऊन डोकी मोजा.

पाच, शाळेला नेट द्या किंवा माझ्या मोबाईलला शाळेची मालमत्ता म्हणणं बंद करा.

सहा, एआयचं पुस्तक छापायच्या आधी प्रत्येक तालुक्यातल्या दोन-तीन लहान शाळांत वर्षभर करून बघा, प्रशिक्षण समोरासमोर द्या, आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी काय करणार ते त्याच कागदावर लिहा.

शाळा बघायला यायचं मनात आलं तर जरूर या, चहा देऊ. फक्त आधी कळवू नका. कळवलं की आम्हाला आदेश येतो, शेजारून वायर ओढून पॅनेल चालू करून ठेवावं लागतं आणि हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवावी लागतात. आणि यायचं तर दिवाळीनंतर या, डिसेंबरात, तेव्हा पट 27 आणि वर्गात पोरं किती ते तुम्हीच मोजा.

कळावे,
आपली नम्र,
डोंगरपट्ट्यातली एक प्राथमिक शिक्षिका